दुष्काळातले नाईकसाहेब : कोणत्या वावराला कोणता बांध?



१ जुलै हा कृषी दिन. पंचायत समितीच्या सभागृहात वसंतराव नाईकांच्या तसबिरीला हार पडतो, एखाद्या प्रगतिशील शेतकऱ्याला शाल-श्रीफळ मिळते, चहा होतो आणि मंडळी पेरणीच्या घाईने गावाकडे निघतात. तसबिरीतला माणूस मात्र नीट ओळखीचा राहिलेला नाही. मुख्यमंत्री होते, पाइप ओढायचे, हायब्रीड ज्वारी आणली, एवढे जुन्या माणसांना आठवते. नव्या पोरांना तेवढेही नाही.

आज त्यांची आठवण काढायचे कारण वेगळे आहे. तुमच्या ग्रामसभेपुढे दरवर्षी एक प्रश्न येतो की यंदा पाण्याचे काम कोणते घ्यायचे? नाला खोल करायचा, बंधारा बांधायचा, शेततळी खोदायची की टेकडीवर चर मारायचे? हाच प्रश्न १९७२-७३ मध्ये नाईकसाहेबांपुढे आला होता, तोही सगळ्या राज्याच्या मापाचा आणि दारात उपाशी माणसे उभी असताना. त्यांनी काय केले, त्यातले काय टिकले आणि काय वाहून गेले, हे बघण्यासारखे आहे.

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ चा, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात गहुली गावी. घर बंजारा समाजाचे. वडील फुलसिंग हे तांड्याचे नाईक, म्हणून आडनावच नाईक पडले. पुसदचा मुलूख कसा आहे ते तिकडे सोयरीक असणाऱ्यांना सांगायला नको. चहूकडे डोंगर, मधून पूस नदी. डोंगरउतारावर बरड, पायथ्याला काळी. एकाच शिवारात तीन तऱ्हेची माती. पोराचे प्राथमिक शिक्षण आसपासच्या गावांतून झाले, मग अमरावती आणि पुढे नागपूर.

नागपूरला ते नील सिटी हायस्कूलमध्ये शिकले, मग मॉरिस कॉलेजात. १९३८ मध्ये बी.ए. आणि १९४० मध्ये वकिलीची परीक्षा. त्याच मॉरिस कॉलेजाला आज वसंतराव नाईक यांचे नाव आहे, शासकीय कला व समाजविज्ञान संस्था म्हणून. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी शेतकऱ्यांची मुले तिथे शिकून गेली.

वकिली त्यांनी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली सुरू केली आणि मग पुसदला. १९४१ मध्ये त्यांनी नागपूरच्या घाटे घराण्यातल्या वत्सलाबाईंशी लग्न केले. ब्राह्मण मुलगी आणि बंजारा मुलगा, त्या काळात! दोन्हीकडून विरोध झाला, बहिष्काराची भाषा झाली. दोघांनी ते निभावून नेले. १९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले आणि १९५२ च्या निवडणुकीत आमदार.

त्या वेळी आपण जुन्या मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी होती नागपूर. वसंतराव महसूल खात्याचे उपमंत्री झाले. नुकतीच, १९५१ मध्ये, मालगुजारी संपली होती. जमीन कसणाऱ्याच्या डोक्यावरचा मालगुजार गेला, हे चांगलेच झाले. पण रामटेक, मौदा, भंडारा, चांदा या धानपट्ट्यात मालगुजाराबरोबर आणखी एक गोष्ट सुटली. तलावाची पाळ कोणी राखायची, सलंग कोणी दुरुस्त करायचा, गाळ कोणी काढायचा, याचा धनीच राहिला नाही. कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले हे तलाव. वरच्या तलावाचा ओसंडा खालच्या तलावात, तिथला बोडीत, बोडीतला बांधीत. आज आपण ज्याला पाणलोट व्यवस्थापन म्हणतो ते या लोकांनी कागदाशिवाय केले होते. तलाव सरकारचे झाले, नाव पडले माजी मालगुजारी म्हणजे मामा तलाव, आणि गाळाने भरत गेले. ही चूक एका नाईकांची नव्हे, सगळ्या कारभाराची. पण कायद्याने मालक बदलला आणि राखणदार ठरवायचा राहून गेला, हे त्यांच्या खात्याच्या डोळ्यांदेखत घडले, एवढे म्हणावेच लागते.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला. वसंतराव आधी सहकार, मग कृषी आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाल्यावर महसूल मंत्री झाले. जमिनीच्या कमाल धारणेचा १९६१ चा कायदा त्यांच्याच काळातला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्यांच्या जागी आलेले आपले मारोतराव कन्नमवार १९६३ च्या नोव्हेंबरात वारले, आणि ५ डिसेंबर १९६३ ला वसंतराव मुख्यमंत्री झाले. ते १९७५ च्या फेब्रुवारीपर्यंत, अकरा वर्षांहून जास्त.

सुरुवातीची वर्षे धान्यटंचाईची होती. अमेरिकेतून येणारी लाल मिलो रेशनवर मिळायची. १९६५ मध्ये पुण्याच्या शनिवारवाड्यावरून वसंतरावांनी जाहीर करून टाकले की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फासावर लटकवा. तेवढ्या मुदतीत तो झाला नाही, ही गोष्ट खरी. पण बोलून ते गप्प बसले नाहीत. संकरित ज्वारीचे बियाणे गावोगाव पोचवले. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चारही कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळातली. अकोल्याच्या विद्यापीठाला पंजाबरावांचे नाव आहे. हायब्रीडबद्दल आपल्या बापजाद्यांची कुरकुर होतीच. भाकरीला चव नाही, कडबा आखूड, कणसात पाऊस सापडला की दाणा काळा. तरीही कोठी भरली हे त्यांनी कबूल केले.

आणि मग पाऊसच रुसला. १९७० पासून ओढ होती, १९७२ मध्ये तर कहर झाला. त्या वर्षी राज्याचे धान्य नेहमीच्या निम्म्यावर आले. मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राचा पूर्व भाग जास्त होरपळला, आपल्याकडे झळ त्या मानाने कमी, पण पश्चिम विदर्भालाही ती बसलीच. सरकारने फुकट धान्य वाटण्याऐवजी काम द्यायचे ठरवले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्येच सांगली जिल्ह्यात विसापूरला छोट्या प्रमाणावर हा प्रयोग करून पाहिला होता. मागेल त्याला काम, आणि कामातून गावाची कायमची मालमत्ता, असा तो विचार. वसंतरावांनी तो उचलला. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. एका राज्यात, एका वेळी! जेवायला सुकडी, अंगावर धूळ, कडेवर पोर. उपासमारीचे मोठे मरण टळले, हे श्रेय त्यांच्या सरकारचे, आणि ते मोठे आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. एवढ्या माणसांना काम कोणते द्यायचे?

काम असे पाहिजे होते की उद्या सकाळी सुरू होईल, गावापासून लांब नसेल, आणि शनिवारी ओव्हरसियर टेप लावून मोजू शकेल. खडी फोडणे मोजता येते. रस्ता मोजता येतो. समपातळी बांधाची माती मोजता येते. पाझर तलावाची भिंत मोजता येते. पण बांधामागे पाणी मुरते की नाही, हे त्या शनिवारी मोजता येत नाही. म्हणून खूप खडी फुटली. काही ठिकाणी तिचे ढीग रस्त्याच्या कडेला पुढे वर्षानुवर्षे पडून राहिले. पाण्याची कामेही झाली, शेकड्यांनी पाझर तलाव आणि हजारो एकरांवर बांधबंदिस्ती. त्यातली जी जमिनीला धरून होती ती उभी राहिली. जी नव्हती ती फुटली.

कशी फुटली ते समजून घ्या, कारण आपल्या जिल्ह्यातली निम्मी वावरे त्याच जातीची आहेत. समपातळी बांध म्हणजे पाण्याला आडवा, अजिबात ढाळ नसलेला बांध. पाणी त्याच्यामागे थांबते आणि मुरते. सोलापूर-नगरच्या हलक्या, मुरमाड, कमी पावसाच्या जमिनीत तो उत्तम. पण खोल काळ्या रानात? काळी माती ओली झाली की फुगते आणि तोंड मिटते. पहिला पाऊस भेगांतून आत जातो, नंतरचा वरच उभा राहतो. बांधामागे आठ-आठ दिवस पाणी, पऱ्हाटी पिवळी, तूर उभी वाळलेली. उन्हाळ्यात तोच बांध तडकतो, मृगाच्या सरीला पाणी भेगेत शिरते आणि बांध तिथेच फुटतो. मग सगळ्या वावराचे पाणी त्या एका भगदाडातून जाते आणि जिथे ओघळ नव्हता तिथे नाला होतो. कित्येक ठिकाणी शेतकऱ्यांनी स्वतःच बांध फोडून पाण्याला वाट दिली. साहेब लोकांना वाटले, हा माणूस अडाणी आहे. अडाणी कोण होते?

काळ्या जमिनीला पाहिजे ढाळीचा बांध. थोडासा उतार दिलेला, जादा पाणी हळूहळू कडेला नेऊन गवती पाटातून नाल्यात सोडणारा. आपले म्हातारे धुरे राखायचे, धुऱ्यावर गवत वाढू द्यायचे आणि वावराच्या खालच्या कोपऱ्यात दगडाची सांड ठेवायचे, ते याच हिशेबाने. आपण धुरे नांगरून दोन तास वाढवले आणि सांड बुजवली, हेही जरा आठवा.

पाझर तलावाचे तसेच. खाली फुटका खडक किंवा मुरूम असेल तर पाझर तलाव विहिरी जिवंत करतो. खाली चिकण माती असेल तर तो नुसता तलाव, पाणी उन्हाने जाते. आणि वरची टेकडी उघडी ठेवून खाली तलाव बांधला तर दहा-पंधरा पावसाळ्यांत गाळाने भरतो.

वसंतरावांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. पोटात अन्न नसलेल्या पन्नास लाख माणसांसमोर मातीचा नकाशा काढत बसायला कोणालाच वेळ नसतो. त्यांनी माणसे वाचवली. पण दुष्काळ नसलेल्या वर्षी, हाती वेळ असताना, आपण त्याच घाईने काम निवडतो, त्याला काय म्हणायचे?

दुसरी एक गोष्ट त्यांच्या खात्यावर नोंदवावी लागते. विदर्भाचा माणूस अकरा वर्षे मुख्यमंत्री, तरी सिंचनात विदर्भ मागेच राहिला. पुढे १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने अनुशेष मोजला तेव्हा ते आकड्यांत दिसले. मोठी धरणे झाली, त्यांचे पाणी कालव्याखालच्या गावांना मिळाले. कालव्याच्या वर राहणाऱ्या गावाला स्वतःच्या शिवारात पडलेला पाऊस, एवढेच धरण होते आणि आहे.

१९७५ मध्ये ते पायउतार झाले. १९७७ मध्ये वाशिममधून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने केला, तो २६ जानेवारी १९७९ ला लागू झाला. दुष्काळातली सोय हक्क झाली. त्यानंतर काही महिन्यांनी, १८ ऑगस्ट १९७९ ला, सिंगापूरला वसंतराव वारले.

दुष्काळाने शिकवलेला धडा कारभारात उतरायला आणखी काही वर्षे लागली. १९८३ पासून सुट्या सुट्या बांधांऐवजी अख्खे पाणलोट क्षेत्र घेऊन माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करण्याचा कार्यक्रम राज्याने घेतला. १९९२ मध्ये जलसंधारणाचे स्वतंत्र खाते झाले. ते काढणारे मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक, वसंतरावांचे पुतणे, गहुलीचे एके काळचे सरपंच. काकाच्या काळात जे घाईत झाले ते पुतण्याने रीतीने बसवायचा प्रयत्न केला, असे मी म्हणेन. कोणी याला घराणेशाहीचे कौतुक म्हणेल, म्हणो.

आता आपल्या काळाकडे या. पाऊस बदलला हे तुम्हाला सांगायची गरज नाही. हवामान शास्त्रज्ञांनी १९५१ ते २००० या पन्नास वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मध्य भारतात मुसळधार पावसाचे प्रसंग वाढलेले आणि मध्यम, मुरणारा पाऊस कमी झालेला आढळला. एकूण बेरीज फारशी हलत नाही, पण पाऊस येतो तो एकदम, आणि मग तीन आठवडे गायब. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला आणि वस्त्या पाण्यात गेल्या. शहराचे नुकसान टीव्हीवर दिसले. तसा पाऊस वावरावर पडतो तेव्हा काय होते, याचा हिशेब करा. एका हेक्टरवर शंभर मिलिमीटर म्हणजे दहा लाख लिटर पाणी, पाच हजार लिटरचे दोनशे टँकर. ते मातीत गेले नाही तर माती घेऊन जाते.

म्हणून काम निवडताना आधी आपले शिवार कोणत्या जातीचे, ते बघा. काटोल, नरखेड, कळमेश्वर, हिंगणा हा पश्चिमेकडचा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. तिथे माथ्यावर बरड आणि खोऱ्यात भारी जमीन. संत्र्याच्या पट्ट्यात विहिरी आटल्या म्हणून बोअर खोल खोल गेले. अशा गावाने पहिला पैसा टेकडीवर लावावा. सलग समतल चर, गवत, ओघळीत अनघड दगडी बांध. मग खाली माती नाला बांध, तेही खालचा खडक पाझरणारा आहे हे भूजल खात्याच्या माणसाला दाखवून. पूर्वेकडे कुही, भिवापूर, उमरेड, रामटेक. तिथला खडक वेगळा, पुष्कळ ठिकाणी पाणी खोल मुरत नाही. तिथे वरचे पाणी साठवणे शहाणपणाचे, म्हणजे मामा तलावाचा गाळ, पाळ आणि सलंग, बोडीची दुरुस्ती. गाळ बरड वावरात न्या, दोन कामे होतात. आणि अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात सोयरे असतील तर त्यांना विचारा. तिथे जमिनीखालचे पाणीच खारे. मुरवून उपयोग नाही, शेततळ्यातच धरावे लागते. तीस बाय तीस मीटर आणि तीन मीटर खोल शेततळ्यात बावीस लाख लिटरच्या आसपास पाणी मावते. तुरीला फुलोऱ्यात एक पाणी आणि हरभऱ्याला एक, एवढ्यावर पीक घरी येते.

नाला खोलीकरणाचा मोह मात्र आवरा. मशीन आठ दिवसांत काम करते, फोटो चांगला येतो, बिल लवकर निघते. शनिवारच्या टेपचाच हा नवा अवतार. २०१४ नंतर जलयुक्त शिवारमध्ये खोलीकरणावर भर पडला, तेव्हा भूजलाच्या जाणकारांनी हेच सांगितले होते की बेताबाहेर खोदले तर नाला आजूबाजूच्या विहिरींचे पाणी उलट स्वतःकडे ओढतो. गाळ काढा, खडक फोडू नका. आणि वरचे उपचार झाल्याशिवाय खाली हात घालू नका.

एक चांगली सवय अलीकडे लागली आहे, ती सोडू नका. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांत पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती पडला, मातीत किती राहिला, वाहून किती गेला, पिकांनी किती प्याला. ग्रामसेवक भाऊ, हा ताळेबंद ग्रामसभेत फळ्यावर लिहा. मग कोणते काम कोणाच्या वावराजवळ, यावरचे अर्धे भांडण मिटते. टेकडीखालच्या हलक्या जमिनीचा मालक बहुतेक वेळा सभेत मागे बसलेला असतो. त्याच्या डोक्यावरचे काम आधी घेतले तरच खालच्या बागायतदाराची विहीर भरते, हे बागायतदारालाही त्या आकड्यांत दिसते.

आणि ज्यांना सभेची वाट बघायची नाही त्यांच्यासाठी. सोयाबीन उताराला आडवे पेरा, जमल्यास रुंद वरंबा सरीवर. ज्यादा पाऊस झाला तर सरीतून निघून जाईल, उघडीप पडली तर सरीतली ओल कामाला येईल. पेरणी साधी झाली असेल तर महिनाभराने शेवटच्या डवरणीला डवऱ्याच्या जानोळ्याला दोरी गुंडाळा आणि दोन-तीन ओळींनंतर एक सरी पाडत जा. खर्च दोरीचा.